तकदीर आणि तदबीर : नफा कोणाच्या खात्यावर मांडायचा?

उर्दूत दोन शब्द नेहमी जोडीने येतात : तकदीर आणि तदबीर. तकदीर म्हणजे नशीब आणि तदबीर म्हणजे माणसाने अक्कल चालवून केलेली उपाययोजना. शाळेत असताना हे शब्द आम्ही निबंधात लिहीत होतो. पुढे दुकानाच्या गादीवर बसल्यावर कळले की या दोन शब्दांची खरी गरज वहीखात्यात आहे.

हंगाम संपल्यावर मोंढ्यात किंवा कपडा बाजारात दहा व्यापाऱ्यांना विचारून पाहा. ज्याला नफा झाला तो म्हणतो, "आम्ही बाजार आधीच ओळखला होता." ज्याला घाटा आला तो म्हणतो, "नशिबाने साथ दिली नाही." म्हणजे नफा सगळा तदबीरीच्या खात्यात जमा आणि तोटा सगळा तकदीरीच्या नावे! एखाद्या मुनीमाने दुकानाची वही अशी लिहिली तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवील. स्वतःच्या आयुष्याची वही मात्र आपण सर्वजण अशीच लिहितो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. कोणी आपल्या नफ्याची बढाई मारली तर ऐकणाऱ्याचे काय जाते? ऐकणाऱ्याचे काही जात नाही, पण बोलणाऱ्याचे जाते. नशिबाने मिळालेला नफा हुनराचा समजला की माणूस पुढच्या साली दुप्पट भांडवल लावतो. स्वतःचे संपले की उसने आणतो, सोने गहाण टाकतो, घराचा कागद बँकेत ठेवतो. पहिल्या साली नशिबाने जे दिले असते ते तिसऱ्या साली व्याजासकट परत जाते. 'दैव देते आणि कर्म नेते' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

सोयाबीनची पाच साले

लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीनचा भाव साऱ्या महाराष्ट्रात पाहिला जातो. म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. २०२०च्या दिवाळीच्या सुमारास सोयाबीन चार हजार रुपये क्विंटलच्या आसपास होते. त्या साली सरकारी हमीभाव ३,८८० रुपये होता. बहुतेक शेतकऱ्यांनी देणी भागवण्यासाठी माल तेव्हाच विकला. ज्यांनी कोठारात ठेवला त्यांना २०२१च्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातुरात दहा हजारांच्या वर भाव मिळाला. आठ-नऊ महिन्यांत पैसे अडीचपट!

त्या दिवसांत ज्याच्याकडे माल शिल्लक होता तो प्रत्येक जण शहाणा ठरला. पण भाव का वाढला होता? काढणीच्या वेळी पाऊस पडून मालाचे नुकसान झाले होते. जगभर खाद्यतेले महाग झाली होती. मलेशियातील पामच्या बागांना कोरोनामुळे मजूर मिळत नव्हते. चीनची खरेदी जोरात होती आणि इकडे कुक्कुटपालनवाल्यांना सोयापेंड हवी होती. माल दाबून ठेवणाऱ्या किती जणांनी २०२०च्या दिवाळीत हा हिशेब मांडला होता? फार थोड्यांनी. कोणाला तेव्हा पैशाची निकड नव्हती म्हणून माल राहिला, कोणाला 'भाऊ थांबला म्हणून आम्ही थांबलो' असे झाले.

त्यानंतर ऑगस्ट २०२१मध्येच केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवा माल बाजारात येऊ लागला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर उतरला. डिसेंबरमध्ये सोयाबीनसह अनेक शेतमालांचे वायदे बंद करण्यात आले. तरी २०२२च्या उन्हाळ्यात, युक्रेनच्या युद्धानंतर, भाव पुन्हा सात हजारांवर गेला. झाले, दोन साले सारखा अनुभव आला आणि नियम तयार झाला : 'सोयाबीन ठेवावे, उन्हाळ्यात विकावे.'

पुढची तीन साले या नियमाने लोकांना बुडवले. २०२२-२३मध्ये माल ठेवून काही पदरात पडले नाही. २०२३-२४मध्ये ठेवलेला माल उलट स्वस्तात गेला. २०२४-२५मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारात चार हजारांच्या थोडे वरचे भाव होते. माल तोच, गोदाम तेच, माणूसही तोच. मग पहिल्या दोन सालांतला 'हुनर' कुठे गेला? तो कुठे गेला नाही, कारण तो तिथे नव्हताच. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' असा तो योग होता.

तुरीने दिलेली नसीहत

तुरीचे प्रकरण याहून बोलके आहे. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. डाळ मिलांच्या लातुरात तुरीला सोन्यासारखा भाव आला. ज्यांच्या शेतात त्या साली तूर होती त्यांना हुशार म्हटले गेले. हे पाहून २०१६च्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली. पाऊसही चांगला झाला. पीक विक्रमी आले आणि भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेला. २०१७च्या उन्हाळ्यात सरकारी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदाना कमी पडला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बाजारात नशीब परत येत नाही याचे एक कारण असे की त्याची नक्कल सगळेच करतात. ज्या युक्तीने काल एकाला पैसे मिळाले ती आज हजारांनी केली की तिच्यातला पैसाच संपतो. हुनराचे तसे नसते. चांगला शिंपी शेजारी आला म्हणून दुसऱ्या शिंप्याचा हात बिघडत नाही.

कपड्याच्या दुकानातला कागदी नफा

आता आमच्या धंद्याकडे येऊ. २०२१-२२च्या हंगामात कापसाला आग लागली. हमीभाव मध्यम धाग्याला ५,७२६ आणि लांब धाग्याला ६,०२५ रुपये होता, पण बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. मे २०२२मध्ये रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या पुढे गेली. सूत महागले, त्यामागे भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचा कपडा महागला. ज्या दुकानदाराच्या गोदामात जुन्या भावाचे तागे पडून होते त्याला हात न हलवता नफा दिसू लागला.

त्या वेळी नांदेडच्या बाजारात जो तो म्हणत होता, 'आमची खरेदी बरोबर होती.' पण खरेदी सगळ्यांचीच बरोबर होती! ज्याचा माल वर्षभर विकला गेला नाही, ज्याचे रंग आणि पन्हे चुकले होते, त्याच्याच गोदामात जुना माल जास्त होता आणि म्हणून त्याचाच नफा जास्त दिसत होता. चुकीच्या खरेदीला बक्षीस मिळाले. हा हुनर कसा म्हणावा?

शिवाय तो नफाही पुरता खरा नव्हता. शंभराचा माल दीडशेला विकला, पण तेवढाच नवा माल भरायला गेले तर तोही एकशेचाळीसला पडतो. म्हणजे हातात राहिले दहा. ज्याने पन्नास नफा समजून खर्च केला त्याच्या दुकानातला माल पुढच्या फेरीत कमी झाला. त्यातच सरकारने एप्रिल २०२२मध्ये कापसावरील आयात शुल्क काही महिन्यांसाठी माफ केले आणि पुढे जगभरची मागणी मंदावून भाव उतरले. तेजीत महाग भावाने गोदाम भरणारे अडकले. शेतकऱ्यांचेही तेच झाले. गेल्या वर्षीचा भाव डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी २०२२-२३चा कापूस घरात साठवला. हंगामाच्या सुरुवातीला नऊ हजारांच्या आसपास असलेला भाव २०२३च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास आला. घरातल्या कापसाने अंगाला खाज सुटली ती वेगळीच.

शेअर बाजार : १९९२ आणि आज

शेअर बाजाराची गोष्ट वेगळी असते असे कोणाला वाटत असेल तर त्याने १९९२ आठवावे. १९९१च्या आरंभी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे एक हजार होता. २२ एप्रिल १९९२ रोजी तो ४,४६७ वर पोहोचला. त्या सव्वा वर्षात ज्याने डोळे मिटून काहीही घेतले त्याचे पैसे वाढले. गावोगावचे लोक नोकरी सांभाळून शेअरचे सल्ले देऊ लागले. हर्षद मेहता यांचा शब्द म्हणजे बाजाराचा शब्द असे झाले होते. मग पत्रकार सुचेता दलाल यांनी बातमी फोडली आणि कळले की तेजीमागे बँकांचा पैसा होता. खोट्या बँक पावत्यांच्या आधारे तो बाजारात वळवला गेला होता. वर्षभरात निर्देशांक निम्म्याहून खाली आला.

आता विचार करा. ज्याने १९९१ साली शेअर घेतले आणि मार्च १९९२मध्ये विकले त्याला चौपट मिळाले. त्याला त्या बँक पावत्या ठाऊक होत्या का? नव्हत्या. ज्या कारणाने भाव वाढला ते कारणच ज्याला माहीत नाही, त्याने 'आम्ही ओळखले होते' असे कसे म्हणावे? ही कसोटी आम्हाला फार उपयोगी वाटते : नफ्याचे कारण नफा होण्याआधी सांगता येत होते का? नंतर तर बाजारातला हमालसुद्धा कारण सांगतो.

आज तो जुगार मोबाइलमध्ये आला आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्स या नावाच्या सौद्यांत लहान गावांतली तरुण पोरे उतरली आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये याचा हिशेब जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणारे एक कोटीहून अधिक लोक होते. त्यांतील ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे शंभरात फक्त एक होते. २०२४-२५साठीच्या पुढच्या अहवालातही ९१ टक्के लोक तोट्यातच निघाले. आणि घाटा खाल्लेल्यांतले तीन-चतुर्थांशाहून जास्त लोक तरीही सौदे करतच राहिले. पहिल्या महिन्यात चार पैसे सुटलेले असतात. तो नफा म्हणजे आपला हुनर, अशी खुशफहमी त्यांना बसू देत नाही.

एक हजार चोवीस माणसांचा खेळ

कोणी म्हणेल, तो शंभरातला एक तरी हुनरवाला असेलच ना? असेलही, आणि नसेलही. एक साधा हिशेब करू. लातूरच्या गंजगोलाईत १,०२४ माणसे उभी करा आणि प्रत्येकाच्या हातात एक रुपयाचे नाणे द्या. छाप पडला तो राहील, काटा पडला तो घरी जाईल. पहिल्या फेरीनंतर सुमारे ५१२ उरतील, मग २५६, मग १२८. दहाव्या फेरीनंतर साधारण एक माणूस उरेल. त्याने लागोपाठ दहा वेळा छाप पाडला! त्याने काही केले का? काहीच नाही. इतकी माणसे असली की कोणीतरी एक उरणारच होता. पण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी त्याचा सत्कार होईल आणि तिसऱ्या दिवशी तो 'छाप कसा पाडावा' याचा क्लास काढील. घरी गेलेल्या १,०२३ जणांना कोणी विचारणार नाही.

ठगांना हा हिशेब चांगला ठाऊक असतो. ते १,६०० लोकांना मोबाइलवर संदेश पाठवतात. आठशेंना 'उद्या बाजार चढेल', आठशेंना 'उतरेल'. जे खरे ठरले त्या आठशेंना पुन्हा तसेच. पाच फेऱ्यांनी पन्नास लोक असे उरतात की ज्यांना पाचही वेळा खरा सल्ला मिळाला. ते पन्नास जण या 'उस्तादा'ला पैसे द्यायला आनंदाने तयार होतात. म्हणून सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे की नाही हे आधी पाहावे, आणि नोंदणी असली तरी त्याचे चुकलेले अंदाजही मागून पाहावेत.

जमिनीचेही असेच. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडात रस्ते आणि पूल झाले, शहराचे रूप पालटले. रस्त्याच्या कडेला ज्यांची वडिलोपार्जित जागा होती तिचा भाव चढला. आजोबांनी जागा घेतली तेव्हा त्यांना हे दिसले नव्हते. नातवाने त्याचा आनंद जरूर घ्यावा, पण स्वतःला जमिनीचा जाणकार समजून कर्जाने दुसरी जागा घेऊ नये.

मग हुनर कशाला म्हणावे?

याचा अर्थ सगळे नशीबच आहे, मेहनत फुकट आहे, असा कोणी काढू नये. हुनर खरा असतो आणि तो ओळखता येतो. ज्या कामात मुद्दाम हरता येते तिथे हुनर असतो. कॅरम खेळणारा मनात आणले तर हरू शकतो; परीक्षेला बसलेला मुलगा कोरा पेपर देऊ शकतो. पण छाप-काट्यात मुद्दाम हरून दाखवा! ते कोणाला जमत नाही. तिथे जिंकण्यातही आपला हात नसतो.

दुसरी खूण अशी की हुनर पुन्हा पुन्हा दिसतो. कपड्याचा जाणकार बोटांनी चाचपून सुती आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाचा अंदाज सांगतो. शंका आली तर धागा जाळून पाहतो : सुताला जळत्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. चूक की बरोबर हे तिथल्या तिथे कळते आणि वर्षातून शेकडो वेळा कळते. उधारी कोणाला द्यावी, कोणाला नाही, हेही तसेच. दर महिन्याच्या वसुलीत त्याची परीक्षा होते. अशा कामात वीस वर्षांचा तजुर्बा खरोखर वीस वर्षांचा असतो. भावाची तेजी-मंदी मात्र वर्षातून एकदोनदा ठरते. आणि प्रत्येक वेळी कारण निराळे असते. त्यात वीस वर्षे काढलेल्यानेही फार तर चाळीस डाव पाहिले.

तिसरी खूण, हुनरवाला आधी कळणाऱ्या गोष्टीवर चालतो. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २००० साली ईद जानेवारीत आली आणि पुन्हा डिसेंबरातही आली. २०२४मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५मध्ये ३१ मार्चला. म्हणजे कोणत्या वर्षी ईदचा माल उन्हाळ्याचा भरायचा आणि कोणत्या वर्षी थंडीचा, हे कॅलेंडर पाहून कळते. हे ओळखून केलेली कमाई तदबीरीच्या खात्यात लिहायला हरकत नाही.

तोट्याचाही न्याय करावा

जो न्याय नफ्याला तोच तोट्याला. मार्च २०२०मध्ये मराठवाड्यातल्या कपड्याच्या दुकानांत लग्नसराईचा आणि ईदचा माल भरलेला होता. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. लग्ने राहिली आणि मे महिन्यातली ईद लोकांनी घरातच केली. ज्यांनी वेळेवर आणि विचारपूर्वक खरेदी केली तेच जास्त बुडाले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून माल भरला नाही ते वाचले, आणि लोक त्यांनाच दूरदृष्टीचे म्हणू लागले! तसेच २०१६च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा, नवे कपडे कोण घेणार होते? त्या साली ज्याचे दुकान बसले त्याला नालायक म्हणणे हा जुलूम आहे. मुलांच्या बाबतीत, भावाभावांच्या बाबतीत आपण हा जुलूम रोज करतो. एका भावाचे चालले, दुसऱ्याचे नाही. एवढ्यावरून एक अक्कलवान आणि दुसरा बेअक्कल ठरतो. निर्णय घेतेवेळी समोर काय माहिती होती हे पाहून माणूस जोखावा, निकालावरून नाही.

वहीचे दोन रकाने

आता कामाचे बोलू. आमच्या मते प्रत्येक व्यापाऱ्याने आणि शेतकऱ्याने चार गोष्टी कराव्यात.

१) मोठा सौदा करण्याआधी वहीत तारीख टाकून कारण लिहावे : माल का घेतो किंवा का ठेवतो, भाव किती होईल असे वाटते आणि कशामुळे. दोन ओळी पुरेत. हंगामानंतर त्या वाचाव्यात. नफा झाला पण लिहिलेले कारण चुकले असेल, तर तो नफा तकदीरीच्या रकान्यात घालावा.

२) शेजाऱ्याकडे पाहावे. ज्याने काहीच डोके लावले नाही त्यालाही तेवढाच नफा झाला असेल तर आपल्या नफ्यात आपले काही नाही. सगळ्या बाजारापेक्षा जेवढे जास्त मिळाले तेवढेच फार तर आपले.

३) तकदीरीच्या नफ्यावर डाव वाढवू नये. त्यातून कर्ज फेडावे, गोदामाचे छप्पर दुरुस्त करावे, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढावे. पुढच्या साली सौदा पूर्वीएवढाच ठेवावा.

४) घर, दागिने आणि उसनवारीचा पैसा भावाच्या अंदाजावर कधीही लावू नये. अंदाज दहा वेळा बरोबर आला आणि अकराव्यांदा चुकला, तर घर अकराव्या वेळेलाच जाते. माल निम्मा दिवाळीत विकावा, निम्मा ठेवावा. यात फार मोठा नफा होणार नाही, पण कोणी बुडणारही नाही.

कुरआनात कारूनचा किस्सा आहे. अमाप दौलत असलेला हा माणूस म्हणत होता की हे सारे मला माझ्या इल्मामुळे मिळाले. त्याचे पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहेच. त्याच्याकडे दौलत होती हा त्याचा दोष सांगितलेला नाही. गुरूर होता, आणि सगळे श्रेय त्याने आपल्या खात्यावर लिहिले, हा दोष होता.

मोंढ्यात या हंगामातही कोणाला तरी मोठा नफा होईल आणि तो आपल्याला युक्ती सांगेल. ती आदराने ऐकून घ्यावी, चहा घ्यावा, आणि आपल्या वहीतल्या दोन ओळी वाचूनच सौद्याला हात घालावा.